बाक निन्हला येताय? मग पत्ता आधी नीट विचारा

नोकरीच्या पत्रावर ‘बाक निन्ह’ वाचून लगेच घर शोधू नका. आधी कारखाना नेमका कुठे आहे ते विचारा. मी इथे आलो तेव्हा हा व्हिएतनाममधला सगळ्यात छोटा प्रांत होता, जेमतेम ८२३ चौरस किलोमीटरचा. १ जुलै २०२५ ला शेजारचा बाक झांग त्यात विलीन झाला आणि क्षेत्रफळ ४,७०० च्या वर गेलं. नाव बाक निन्हच राहिलं, मुख्यालय मात्र बाक झांगला गेलं. त्यामुळे हनोईला खेटून असलेलं तू सनही बाक निन्ह, आणि लिचीच्या बागांचं डोंगराळ लुक न्गानही बाक निन्ह. एकीकडे राहून दुसरीकडे रोज कामाला जाणं जमत नाही.

इथल्या जुन्या माणसांना याची सवय आहे. १८३१ मध्ये मिन मांग बादशहाने हा प्रांत केला, १८९५ मध्ये फ्रेंच अमलात बाक झांग वेगळा झाला, १९६२ च्या निर्णयाने दोन्ही जोडून ‘हा बाक’ झाला, १९९७ ला पुन्हा फारकत. माझ्या घरमालकीणबाईंच्या जन्मदाखल्यावर ‘हा बाक’ हेच नाव आहे.

तुम्हाला अडेल ते वेगळ्याच ठिकाणी. २०२५ मध्ये मधली जिल्ह्याची पायरीच रद्द झाली. आपल्याकडचे सगळे तालुके एका रात्रीत गेले असं समजा. आता प्रांताखाली थेट वॉर्ड किंवा गावगट. भाडेकरारावर नवा पत्ता लिहून घ्या, पण जुनाही पाठ ठेवा, कारण टॅक्सीवाले आणि शेजारी अजून जुनीच नावं घेतात. राहायला गेल्यावर १२ तासांत घरमालकाने पोलिसांकडे तुमची तात्पुरत्या निवासाची नोंद करायची असते. ती झाली का, हे त्याच दिवशी विचारा. ‘करतो उद्या’ यावर थांबू नका.

ओळख होताच कुणी वय विचारलं तर रागावू नका. मोठा भाऊ, ताई, काका, धाकटा, यातलं काय म्हणायचं हे वयावरच ठरतं. आपल्याला हे शिकवावं लागत नाही.

आणि विडा! ‘बोलण्याची सुरुवात विड्याने’ अशी इथे म्हणच आहे. चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यात तेराव्या दिवशी लिमच्या जत्रेला जा. तिथे ‘क्वान हो’ ही इथली लोकगीतं गाणारे स्त्री-पुरुष जोडी-जोडीने सवालजवाब करतात आणि पाहुण्यांपुढे विडा ठेवतात. ज्या दोन गावांचं गाण्याचं नातं जुळलेलं असतं, तिथले गायक-गायिका आपसात लग्न करत नाहीत, ती भावंडं मानली जातात. युनेस्कोने २००९ मध्ये या गाण्याची दखल घेतली. मी मात्र पहिल्यांदा ऐकलं ते तळ्यातल्या होडीवरून, आणि त्या दिवशी इथे परकं वाटणं थांबलं.

थुआन थानचा झाऊ विहारही चुकवू नका. भारतातून आलेले भिक्षू विनीतरुची इ.स. ५८० मध्ये इथेच राहिले, असं परंपरा सांगते. ढग, पाऊस, मेघगर्जना आणि वीज या चार देवींची पूजा या परिसरात होते. पावसाची वाट पाहणाऱ्या आपल्या माणसाला ती लगेच कळते.

शाकाहारी असाल तर ‘आन चाय’ हे दोन शब्द पाठ करा, आणि भाजीतही ‘न्योक माम’, म्हणजे माशाचा सॉस, नको असं स्पष्ट सांगा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच जण शाकाहार करतात, तेव्हा सोपं जातं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘नोम’ येतो. हवा इतकी दमट होते की फरशीला घाम फुटतो. खिडक्या उघडाव्याशा वाटतील, उघडू नका. मसाले आणि पापड हवाबंद डब्यात ठेवा.