सबसिडीची फाईल करताना या चुका टाळा

फाईल घेऊन येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सबसिडी किती? माल कुठे विकणार, वीज कुठून घेणार, हे नंतर. आमच्या जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरपासून पारोळ्यापर्यंत हेच, आणि पीएमईजीपीच्या, म्हणजे नव्या उद्योगाला बँकेचं कर्ज आणि सरकारी सबसिडी मिळवून देणाऱ्या प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या फायली बहुतेकदा इथूनच बिघडायला लागतात.

सबसिडी हातात पडत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. समजा, ग्रामपंचायत हद्दीत एक बाई १० लाखांचा प्रकल्प टाकते. तिने स्वतःचे ५ टक्के, म्हणजे ५० हजार घालायचे. साडेनऊ लाख बँक देते. तिची ३५ टक्के सबसिडी, साडेतीन लाख, बँकेतच तिच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून राहते. ठेवीला व्याज नाही, आणि तेवढ्या कर्जावर बँकही व्याज लावत नाही. तीन वर्षांनी पडताळणी होऊन उद्योग चालू दिसला, की रक्कम कर्जात वळती होते. सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला गावात २५ टक्के सबसिडी आणि स्वतःचे १० टक्के. कर्ज उचलल्यावर महिनाभरात “भाऊ, सबसिडी कव्हय येई?” म्हणून विचारणारे येतात, त्या भरवशावर उसनवारी करून बसलेले. त्यांचं फार वाईट वाटतं.

दुसरी चूक म्हणजे उसना प्रकल्प अहवाल. हिचा मला मनापासून राग आहे. रावेर तालुक्यातला एक पोरगा, घरची केळीची बाग, कष्टाला वाघ. वेफर्सचा उद्योग टाकायचा होता. घाई इतकी, की एजंटाकडून तयार अहवाल विकत घेतला. बँकेत साहेबांनी एक पान उघडून विचारलं, “हे नेंद्रन केळं तुमच्याकडे कोण लावतं?” अहवाल केरळचा होता. तळायला खोबरेल तेल धरलेलं. आपल्याकडे बागा ग्रँड नैनच्या. पोराला उत्तर सुचेना, फाईल परत आली.

मग त्याच्या घरी पाच किलो कच्ची केळी मोजून घेतली, सोलून वजन केलं, तळून पुन्हा वजन केलं. एक किलो वेफर्सला केळी किती, तेल किती, हे तिथेच कळलं. भुसावळ-जळगावच्या दुकानदारांना त्याने स्वतः जाऊन दर विचारले. शेतीपंपाच्या जोडणीवर मशीन चालवता येत नाही, म्हणून वेगळ्या वीजजोडणीचा खर्चही धरला. एवढं सगळं वहीत उतरवल्यावर अहवाल लिहायला वेळ लागला नाही, आणि कर्ज मंजूर झालं. तेव्हापासून माझी सवय आहे: कागद न बघता हिशेब सांगता येत नाही तोवर मी कुणाचा अर्ज ऑनलाईन भरून देत नाही. पोरं चिडतात. चिडू देत.

बाकीच्या चुका थोडक्यात. जमिनीची किंमत प्रकल्पखर्चात धरता येत नाही, तरी सातबारा दाखवून आकडा फुगवणारे आहेतच. नवरा-बायको दोघांच्या नावाने वेगवेगळे अर्ज चालत नाहीत, लाभ एकालाच. उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर किंवा सेवेचा ५ लाखांच्या वर असेल तर आठवी पास लागतं. मोबाईलचे हप्ते थकवून बँकेत जाऊ नका, सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीचा गुणांक, आधी बघा. अर्जाला सरकारी फी नाही, त्यामुळे सबसिडीत टक्केवारी मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः गेलात तर माहिती फुकट मिळते.

आणि दुकान, कांडप, गिरणी आधी सुरू करून मग पीएमईजीपी मागू नका, ती नव्या उद्योगासाठी आहे. मिरची कांडप किंवा पापड-लोणच्याचा चालू धंदा वाढवायचा असेल, तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत, म्हणजे पीएमएफएमईत, जुन्या उद्योगालाही ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. त्याची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करा.