आपोआप किंमत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला किमान मर्यादा कशी द्यावी

अमेझॉनसारख्या ठिकाणी विक्री करणाऱ्याने किमती सॉफ्टवेअरच्या हवाली करण्यापूर्वी प्रत्येक वस्तूची किमान किंमत स्वतः हिशेब करून ठरवावी, कारण डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये अशाच एका सॉफ्टवेअरच्या बिघाडामुळे अनेक छोट्या विक्रेत्यांचा माल अवघ्या एका पेनीला विकला गेला होता.

समजा, स्टीलच्या डब्याची खरेदी ३०० रुपये, पॅकिंग १५ आणि पाठवणी ७५, असा कर वगळून ३९० रुपये खर्च आहे व कमिशन १० टक्के आहे. ३९० वर १० टक्के चढवून ४२९ रुपये किंमत धरली, तर कमिशन विक्रीच्या किमतीवर कापले जात असल्याने हाती ३८६ रुपये १० पैसेच येतात आणि प्रत्येक डब्यामागे जवळपास चार रुपये पदरचे जातात. म्हणून ३९० ला ०.९ ने भागून ४३४ रुपये ही किमान मर्यादा धरावी. परत येणाऱ्या मालाचा खर्च आणि हवा असलेला नफा भागाकारापूर्वीच मिळवावा.

कमाल किंमत छापील किमतीच्या आतच ठेवावी.

प्रतिस्पर्ध्यापेक्षा एक रुपया कमी ठेवण्याचा नियम निवडू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण समोरच्यानेही तोच नियम लावला असल्यास दोघांच्याही किमती पाहता पाहता तळाला जातात. त्यापेक्षा बरोबरीचा नियम बरा. सुरुवातीला कमी खपाच्या चार-पाच वस्तूंवरच तो लावावा आणि खरेदीचा दर वाढला की त्याच दिवशी किमान किंमतही वाढवावी.