राष्ट्रपतींचं अभिभाषण कसं वाचावं

आधी एक पक्कं डोक्यात ठेवा: वाचून दाखवतात राष्ट्रपती, पण मजकूर मंत्रिमंडळाचा. म्हणून तर त्यात 'माझं सरकार' सतत येतं. भाषण झालं की पीआयबीवरून (सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावरून) प्रत छापून घ्या. मी डेस्कवर लाल-निळी पेन्सिल घेऊन फक्त क्रियापदांखाली रेघा मारते. 'केलं' निळ्यात, 'करणार' लालमध्ये. गेल्या वर्षीची प्रत शेजारी हवीच. तेच 'करणार' पुन्हा दिसलं की बातमी सापडली! टाळ्या मोजत बसू नका. राज्यघटनेच्या ज्या कलमानुसार हे अभिभाषण होतं ते कलम ८७ वगैरे परीक्षेपुरतं. खरी गंमत नंतरच्या आभारप्रस्तावात, म्हणजे अभिभाषणाबद्दल आभार मानण्याच्या संसदेतल्या ठरावात आणि त्यावरच्या चर्चेत. विरोधकांनी या प्रस्तावाला सुचवलेल्या दुरुस्त्या सहसा पडतात, तरी वाचाच. २०१५ मध्ये राज्यसभेत भ्रष्टाचार आणि काळ्या पैशावरची एक दुरुस्ती चक्क मंजूर झाली होती.