रोजचं बाहेरचं खाणं कमी कसं करायचं

ऑफिस सुटलं की वडापाव, नाहीतर गाडीवरचे शेजवान नूडल्स, हे रोजचंच झालं असेल तर आधी शरीरात काय होतं ते बघा. मैद्यात फायबर जवळजवळ नसतंच, त्यामुळे रक्तातली साखर पटकन चढते, तशीच पटकन उतरते आणि थोड्या वेळात परत भूक लागते, असं वर्षानुवर्षं चाललं की पोटाचा घेर वाढतो, लिव्हरवर चरबी साठते, डायबेटिसचा धोकाही वाढतो. मीठ तर दिसतच नाही! डब्ल्यूएचओ म्हणते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे छोटा चमचाभरही नाही, आणि सोया सॉस, चीज, वेफर्समध्ये ते भरपूर असतं, बीपीला हेच नडतं.

आता करायचं काय? एकदम बंद करू नका, टिकत नाही. माझ्या मते सगळ्यात कामाचा उपाय म्हणजे कडकडून भूक लागायच्या आधीच खाणं, बॅगेत चणे-शेंगदाणे, केळं नाहीतर राजगिऱ्याचा लाडू ठेवा आणि चार-पाचच्या सुमारास खाऊन घ्या, मग गाडीसमोर पाय थांबत नाहीत, खरंच.

कढईतलं तेल काळपट, घट्ट दिसलं तर तिथे खाऊच नका, परत परत तापवलेलं तेल हृदयासाठी वाईट. बर्गर खायचाच असेल तर नुसता बर्गर घ्या, कॉम्बो नको, कारण ३०० मिली कोलात साधारण ३० ग्रॅम साखर असते, ती कुणाच्या लक्षातही येत नाही. सोबत पाणी प्या. बीपी, शुगरच्या गोळ्या चालू असतील तर किती चालेल ते डॉक्टरांनाच विचारा.