डिपर लावूनही समोरच्याचे डोळे दिपतात? हेडलाइट भिंतीवर अशी सेट करा

ऊस चालू झाला की बीड, धाराशिव, लातूर, परभणीकडचे रस्ते रात्रीही वाहते राहतात. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टर नसलेल्या टायरगाड्या, कडेने चालणारी माणसं. अशात समोरून चढ्या लाइटची गाडी आली की दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा येतो. ताशी 60 च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदांत 50 मीटर अंदाजाने. अनेकदा समोरचा अप्परवर नसतोच. तो डिपरवरच असतो, पण त्याचा डिपर वर लागलेला असतो आणि त्याला त्याचा पत्ता नसतो. तुम्ही डिपरवर असताना समोरचे पुन्हापुन्हा अप्पर मारत असतील, तर त्यांच्यावर चिडू नका. आधी आपले दिवे भिंतीवर तपासा.

लो बीमचा, म्हणजे डिपरचा, झोत पुढे जाताना थोडाथोडा खाली उतरत गेला पाहिजे. कारमध्ये हा उतार साधारण 1 ते 1.5 टक्के असतो, म्हणजे 10 मीटरवर 10 ते 15 सेंमी. बऱ्याच गाड्यांत हेडलाइटवर किंवा बॉनेटखाली दिव्याच्या छोट्या चित्राशेजारी 1.0% किंवा 1.2% असा आकडा छापलेला असतो. तो सापडला तर तोच धरायचा. दिवा जमिनीपासून 65 सेंमी उंच आणि उतार 1 टक्का असेल तर झोत 65 मीटरवर जमिनीला टेकतो. उतार 2 टक्के केला की साडेबत्तीस मीटरवरच टेकतो. म्हणून कुणाला त्रास नको या भावनेने दिवे पार खाली पाडणंही चूक आहे. पुढची टायरगाडी उशिरा दिसते.

आता डिक्कीचं गणित बघा, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे. मागे तिघं बसले, डिक्कीत ज्वारीचं पोतं टाकलं आणि मागची बाजू 5 सेंमी दबली. गाडीचं नाक 2 टक्के वर झालं. 1 टक्का खाली असलेला झोत आता 1 टक्का वर चाललाय. 50 मीटरवर तो दिव्यापेक्षा 50 सेंमी वर, म्हणजे जमिनीपासून 115 सेंमीवर पोचतो. समोरच्या कारमधल्या ड्रायव्हरचे डोळे साधारण याच उंचीवर असतात. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला 0 ते 3 आकड्यांची जी चकती असते, ती यासाठीच आहे. एकटे किंवा पुढे दोघं असाल तर 0, वजन वाढेल तसा आकडा वाढवायचा. कोणत्या वजनाला कोणता आकडा हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. ही चकती वर्षानुवर्षं 0 वरच राहते, हे फार चुकतं.

दिवा सेट करायच्या स्क्रूला हात लावण्याआधी

टायरमध्ये दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. डिक्की रिकामी करा, स्टेपनी राहू द्या. ड्रायव्हरच्या सीटवर 75 किलोच्या आसपासचा माणूस बसवा. चकती 0 वर. गाडी पुढून-मागून दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे शॉकअब्सॉर्बर आपल्या जागी बसतात. दिव्याची काच ओल्या फडक्याने पुसा.

बल्ब नीट बसलाय का बघा. एच-4 बल्बच्या (डिपर आणि अप्पर दोन्हींच्या तारा एकातच असलेला हॅलोजन बल्ब) कडीला तीन कान असतात, त्यातला रुंद कान वर येतो. बल्ब तिरका बसला असेल तर स्क्रू कितीही फिरवा, झोताला आकार येणार नाही. हॅलोजनच्या काचेला उघडं बोट लावू नका. बोटाचं तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. शेवटी अख्खा दिवा हाताने हलवून बघा. आतल्या प्लॅस्टिकच्या कड्या तुटल्या असतील तर तो डुगडुगतो, आणि अशा दिव्याची सेटिंग पहिल्या खड्ड्यातच जाते.

भिंत आणि रेघा

मोंढ्यातलं गोदाम, शाळेची मागची भिंत, काहीही चालेल. फक्त जमीन सपाट हवी. डोळ्याला सपाट दिसणारी फरशी बहुधा पाण्याच्या निचऱ्यासाठी उताराची असते. पुढच्या-मागच्या चाकांखाली 1 सेंमीचा फरक म्हणजे 0.4 टक्के चूक. त्यामुळे गवंड्याकडून पाण्याचा लेव्हल पाइप (पाणी भरलेली पारदर्शक नळी, तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं) आणा आणि चाकांखालची जागा तपासून घ्या. तोच पाइप पुढेही कामाला येतो.

आधी गाडी भिंतीला नाक लावून सरळ उभी करा. दोन्ही दिव्यांच्या मध्यासमोर भिंतीवर उभ्या रेघा मारा, ओळंबा धरून. मग स्टिअरिंग न वळवता सरळ मागे या, दिव्याच्या काचेपासून भिंत बरोबर 5 मीटर. दोन्ही दिव्यांपासून अंतर टेपने मोजा. फरक आला तर गाडी तिरकी आहे, पुन्हा लावा. आता लेव्हल पाइपने दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर न्या आणि तिथे आडवी रेघ मारा. भिंतीजवळची जमीन वर-खाली असली तरी पाण्याची पातळी चुकत नाही. या रेघेच्या 5 सेंमी खाली दुसरी रेघ. दिव्यावर 1.2% लिहिलं असेल तर 6 सेंमी.

अंधार पडल्यावर इंजिन चालू ठेवून लो बीम लावा. एका दिव्यासमोर पुठ्ठा उभा करा. गोधडी टाकून झाकू नका, प्लॅस्टिकची काच तापते. आपण डावीकडून चालतो, म्हणून झोताची वरची कड उजव्या बाजूला सपाट असते आणि मधून डावीकडे वर चढत जाते. सपाट कड खालच्या रेघेवर यायला हवी आणि कड जिथे मोडते तो कोपरा त्या दिव्याच्या उभ्या रेघेवर. कोपरा किंचित डावीकडे गेला तर चालेल, उजवीकडे नको.

स्क्रू दिव्याच्या मागे बॉनेटखाली असतात, बहुतेक गाड्यांत प्रत्येक दिव्याला दोन: एक वर-खाली, एक डावी-उजवी. कुठे चौफुली पेचकस लागतो, कुठे 10 नंबरचा पाना, कुठे हाताने फिरणारी चकती. पाव पाव फेरा फिरवा आणि भिंतीकडे बघा. आधी वर-खाली, मग बाजू, मग पुन्हा वर-खाली, कारण एक हलला की दुसरा थोडा सरकतो. घट्ट बसलेल्या स्क्रूवर जोर लावू नका, आतली नायलॉनची गोटी तुटते आणि पूर्ण दिवा बदलायची वेळ येते. एच-4 मध्ये दोन्ही बीम एकाच रिफ्लेक्टरमधून निघतात. लो बरोबर बसला की हाय (अप्पर) आपोआप बसतो.

स्क्रूने न सुटणारे दोष

हॅलोजनच्या दिव्यात बाहेरून बसवलेला एलईडी बल्ब हा आजचा सगळ्यात मोठा उपद्रव आहे. एच-4 मध्ये डिपरच्या तारेखाली धातूची बारीक वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते आणि तिच्यामुळेच झोताला कड मिळते. रिफ्लेक्टर त्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीची उजेड देणारी चिप त्या जागेपासून दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली की उजेड चौफेर उडतो. मग दिवा खाली पाडून तुमचंच अंतर कमी होतं, समोरच्याचा त्रास तसाच राहतो. 100/90 वॅटचा (अप्पर/डिपर) हॅलोजनही नको: 60/55 वॅटसाठीची मूळ वायर तापते, होल्डर वितळतो. मूळ वॅटचा चांगला बल्ब घ्या. स्वस्तात मागवलेला दिवा उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीचा असेल तर कड उजवीकडे चढते. तो परत करा.

काच पिवळी पडली असेल तर 1000, 2000, 3000 नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी मारत घासा, पॉलिश करा आणि वरून यूव्ही कोट द्या. कोट दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळी. कच्च्या रस्त्यावरून आलात तर चहाला थांबल्यावर काच पुसून घ्या. मातीचा थरही उजेड विखुरतो.

ट्रकसारख्या गाड्यांत दिवा 1 मीटरपेक्षा उंच असेल तर उतार दीड ते दोन टक्के ठेवा. ट्रॅक्टरचं वेगळं आहे. दोनचाकी ट्रॉलीचं वजन हुकवर आलं की ट्रॅक्टरचं नाक उचललं जातं, म्हणून त्याचे दिवे ट्रॉली भरलेली असतानाच सेट करा. आणि नांगरटीसाठीचा मागचा दिवा रस्त्यावर येताच बंद करा, मागून येणाऱ्याला तो थेट डोळ्यात बसतो.

सेटिंग झाल्यावर सपाट रस्त्यावर 25 मीटर पुढे दुसरी कार उभी करून बघा. कड तिच्या मागच्या बंपरवर पडली पाहिजे. काचेवर चढत असेल तर पुन्हा भिंतीकडे. जमलं की स्क्रूवर आणि शेजारच्या प्लॅस्टिकवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हललाय. शॉकअब्सॉर्बर, स्प्रिंग किंवा टायरचा साइज बदलला, पुढून ठोकर बसली, तर रेघ शाबूत असली तरी पुन्हा मोजा.