दोन भावंडांची घरशाळा: आमच्या हातून झालेल्या या चुका टाळा

कोपरखैरण्यातलं आमचं घर, डायनिंग टेबलावर दोन वह्या उघड्या. मी धाकट्याला विचारते, "सात चोक?" त्याने बोटं मोजायला घ्यायच्या आत थोरली "अठ्ठावीस!" म्हणून मोकळी. दहा मिनिटांनी बघावं तर हा टेबलाखाली, पेन उघडून स्प्रिंग काढत बसलेला. थोरली १२ वर्षांची, सदा पुस्तकात डोकं. धाकटा ८ वर्षांचा, हातात स्क्रूड्रायव्हर. पहिले सहा महिने आमची घरशाळा (मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवणं) अशीच चालली.

चूक माझी होती. वेळ वाचेल म्हणून मी दोघांना सगळंच एकत्र शिकवत होते. गणित आणि वाचन-लेखन ही पायरी-पायरीने चढायची कामं. ती ज्याची त्याने करावीत, आणि त्या वेळी ते दुसऱ्या भावंडाला ऐकू येता कामा नये. आमच्या वन बीएचकेत "दुसरी खोली" म्हणजे गॅलरी, पण तेवढं पुरतं. एकेकाला २० मिनिटं दिली की झालं. परिसर, इतिहास, गोष्टी मात्र एकत्रच बऱ्या. हिवाळ्यात ऐरोलीला खाडीवर फ्लेमिंगो बघायला गेलो. थोरलीने वहीत लिहिलं की त्यांचा गुलाबी रंग खाण्यातल्या शेवाळातून येतो. धाकट्याला पक्ष्यांपेक्षा पाण्यात रस. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते चरायला उतरतात, भरतीला उठतात, हे कळल्यावर घरी येऊन त्याने परातीत माती घालून भरती-ओहोटी केली. ओटा मी पुसला, ते असो.

थोरलीला शिक्षिका करू नका. मी स्वयंपाकात अडकले की तिला सांगायचे, "जरा त्याची वजाबाकी बघ गं." पाचव्या मिनिटाला "एवढंही येत नाही तुला?" ऐकू यायचं. आता ती त्याला फक्त गोष्ट वाचून दाखवते, आणि तो तिच्या सायकलची चेन बसवून देतो. शिकवायचं काम माझं.

शिक्के मारण्यात तर आम्ही सगळेच पटाईत. आजी म्हणायची, "ही हुशार, हा उचापती." मी जरा शिकलेली, म्हणून ऑनलाइन चाचणी घेऊन म्हणाले, "हा बघून शिकणारा, ही ऐकून शिकणारी." २००८ साली मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला होता. मुलाची अशी "शैली" ओळखून तसं शिकवलं की जास्त येतं, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. तोटा मात्र मी स्वतः पाहिला. थोरली भाषेची म्हणून तिचं गणित मी ढिलं सोडलं, आणि अपूर्णांकांवर ती रडायला लागली. एकदा शिरा करताना म्हटलं, "पाऊण वाटी साखर घे." तिने पाव वाटीचं माप तीनदा भरून ओतलं आणि थांबली. "म्हणजे तीन छेद चार हेच का?" पाव, पाऊण, सव्वा, दीड ती रोज बोलत होती. वहीतल्या आकड्यांशी त्यांची ओळख कोणी करून दिली नव्हती. धाकट्याचं उलट. वाचनाला नाक मुरडणाऱ्याने मिक्सरबरोबर आलेलं माहितीपत्रक अक्षर लावत पूर्ण वाचलं.

पण आवडीच्या मागे हात धुऊन लागू नका. ठाणे-वाशी लोकलचं त्याला वेड. मी वेळापत्रकावरून वजाबाक्या काढल्या, स्टेशनांच्या नावांवरून शुद्धलेखन, पाढेही डब्यांवरून. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "आई, ट्रेनला ट्रेनच राहू दे ना." आता शनिवारी नुसते जाऊन येतो. वही घरी.

दोघांचा निर्णय एकच असला पाहिजे, हाही हट्ट नको. एकाला शाळेत परत जावंसं वाटू शकतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. घरीच राहिलं तर दहावीसाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, आहे. १४ वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय, आणि नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे सगळे पेपर एका दमात द्यायची सक्ती नाही. गणित सक्तीचं नाही, चित्रकलाही घेता येते. मात्र पुढे इंजिनिअरिंगकडे कल दिसत असेल तर गणित सोडू नका. मोठीने निवडलेले विषय धाकट्याच्या माथी मारू नका.

थोरलीने चित्रकला घेणार म्हणून आताच जाहीर केलंय. धाकट्याला अजून सहा वर्षं आहेत, आणि सध्या तो टेबलफॅन उघडून बसलाय.