झुपकेदार केसांतली कुसळं अशी काढा

दिवाळीच्या सुमारास खान्देशात बांधावरचं गवत वाळतं. आमची मिश्र जातीची कुत्री चिंगी कपाशीच्या कडेने एक फेरी मारून आली, की काखेत अन् कानामागे कुसळांचे गोळे घेऊनच येते.

आधी आंघोळ घालू नका. ओला गुंता आणखी आवळतो.

गोळ्यावर खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब चोळून पाच मिनिटं थांबा. मग केस मुळाशी चिमटीत घट्ट धरा, म्हणजे कातडी ओढली जात नाही आणि कुत्रं शांत बसतं. रुंद दातांच्या फणीने टोकाकडून सुरुवात करत थोडं थोडं सोडवा. कात्री नकोच, पातळ कातडी गुंत्याबरोबर वर येते आणि कापली जाते.

कुत्रं सारखं डोकं झटकत असेल, तर कुसळ कानात शिरलेलं असू शकतं. घरी चिमटा न घालता पशुवैद्याकडे न्या.